मावशीवर एक फेरी

४ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.
कोठीत ओट्सची पोती मोजत होतो. एकवीसपर्यंत आलो आणि मॅडम आत आल्या. मॅडम म्हणजे आमच्या रायडिंग स्कूलच्या नव्या मालकीणबाई. म्हणाल्या, घोड्याला घाबरणारा माणूस माझ्या पागेत नको. तीस तारखेला प्रत्येकाने रिंगणात एक फेरी मारायची, हिशेबनिसापासून वॉचमनपर्यंत. ज्याला जमणार नाही त्याने दुसरी नोकरी बघावी. मग माझ्याकडे पाहून हसल्या. तुम्हाला कसली काळजी, तुमच्या फॉर्मवर लिहिलंच आहे, घोडेस्वारी येते.
लिहिले आहे खरे. रकाना रिकामा सोडणे बरे दिसत नाही, म्हणून लिहिले.
पोती पुन्हा मोजली. एकोणीस भरली. परत मोजली. तेवीस.

त्याच दिवशी, दुपारी १.
घाबरण्याचे कारण नाही. नववीत शाळा सुटली, पण शुद्धलेखन सुटले नाही, आणि त्याच जोरावर कोठीच्या कारकुनाची ही खुर्ची मिळाली. त्याआधी दोन वर्षे गोदामात पोती वाहिली. आता पोती मोजतो. परत वाहणार नाही. शिवाय आईने नातेवाइकांत मला भांडार अधिकारी करून टाकले आहे.
जेवणाच्या सुट्टीत कॉन्फिडन्सवरचे पुस्तक विकत आणले. त्यात म्हटले आहे, मोठ्या ध्येयाचे लहान तुकडे करावेत. पहिले ध्येय: मावशीच्या मानेला हात लावणे. मावशी ही इथली सर्वांत म्हातारी घोडी. वय एकोणीस, वजन साडेचारशे किलो. लहान मुले तिच्यावर शिकतात. मुदत: बुधवार.

६ सप्टेंबर, बुधवार.
गेलो. चौदा फुटांवर थांबलो. मावशीने पाहिले. घोड्याचा डोळा एवढा मोठा असतो हे आधी कोणी सांगत नाही. तिने पाय आपटला. नंतर मी कोठीत होतो. मधला प्रवास आठवत नाही.
मोतद्दार काका दारात आले. तीस वर्षे घोड्यांचा खरारा करणारा माणूस. म्हणाले, अरे, माशी तिच्या पायावर बसली होती, तू कशाला उडालास?
ध्येय जरा मोठे झाले होते, एवढेच. त्याचे तुकडे केले. (१) हात खिशातून काढणे. (२) हात पुढे करणे. (३) मान जवळ असणे. (४) स्पर्श. यातला पहिला भाग आजच पूर्ण झाला. प्रोग्रेस २५ टक्के.

९ सप्टेंबर, शनिवार.
मावशीच्या दिशेने दहा वेळा हात पुढे केला. मध्ये कोठीची भिंत होती, पण दिशा बरोबर होती. ५० टक्के.
घरी ताईने विचारले, रायडिंग कसं चाललंय? म्हटले, उत्तम. म्हणाली, मग पँट एवढी स्वच्छ कशी? सांगितले, चांगल्या स्वाराची पँट मळत नाही. ती बराच वेळ हसत होती. भावाची प्रगती काहींना बघवत नाही.

१२ सप्टेंबर, मंगळवार.
मानेला स्पर्श केला. झाडूच्या दांड्याने. दांडा माझ्याच हातात होता, म्हणजे स्पर्श माझाच. मावशीने दांडा दातात धरला. तिच्या दातांची संख्या मोजली नाही. काका म्हणाले, झाडू सोड, नाहीतर तीच शिकवेल तुला झाडायला.
दुपारी जेवण गेले नाही. उन्हामुळे असावे.

१४ सप्टेंबर, गुरुवार. सकाळी ५:५०.
नवा मार्ग सापडला. प्राणी खाल्ल्या मिठाला जागतो. आजपासून मावशीला रोज एक माप ओट्स जादा. कोणी यायच्या आत बादली दाताळ्याने तिच्यापुढे सरकवायची, म्हणजे जवळ जावे लागत नाही. वहीत नोंद केली: मावशी, जादा माप १, प्रोत्साहनपर. नोंदीशिवाय माझ्या कोठीतून दाणा हलत नाही.

१७ सप्टेंबर, रविवार.
मला पाहताच मावशी खिंकाळली. मी दोन पावले मागे सरलो, पण आनंदाने. आजपासून मापे दोन.

२० सप्टेंबर, बुधवार.
स्पर्श!! तर्जनीने, मानेला, एक सेकंद. मान गरम होती आणि आत काहीतरी धडधडत होते. कदाचित माझेच. मापे तीन.
काका म्हणाले, म्हातारीला झालंय काय कळत नाही, काल लाथेने बादली पार छपरावर पाठवली. मी म्हटले, कॉन्फिडन्स वाढला असेल. काकांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

२३ सप्टेंबर, शनिवार.
पोत्यांच्या थप्पीवर दोन्ही बाजूंना पाय टाकून वीस मिनिटे बसलो. पोती हलली नाहीत. मीही नाही. बसणे जमते आहे. आता फक्त खाली घोडा हवा.

२६ सप्टेंबर, मंगळवार.
काकांना सहज विचारले, समजा मावशी आजारी पडली तर परीक्षा पुढे जाईल का? म्हणाले, पुढे कशाला जाईल? तुला काळ्यावर बसवू.
काळ्याने मागच्या वर्षी नालबंदाची टोपी खाल्ली. डोक्यावर असताना.
मावशीची तब्येत राखणे भाग आहे. मापे चार.

२९ सप्टेंबर, शुक्रवार.
हाताला घाम. पेन निसटते आहे. काका म्हणाले, घोडामैदान जवळच आहे, आता तोंड का पाडतोस? तोंड पाडलेले नाही. एकाग्र आहे. आईला सांगितले, उद्या उशीर झाला तर वाट पाहू नकोस. ती म्हणाली, भाजी घेऊन ये.

३० सप्टेंबर, शनिवार. दुपारी १२:१५. पालथे पडून लिहीत आहे.
हिशेबनीस डोळे मिटून फेरी मारून आले. वॉचमन तर शीळ घालत गेला. मग मी. काकांनी पोते चढवावे तसे मला वर चढवले. वरून जमीन फार लांब दिसते. मी म्हटले, मावशी, सावकाश.
मावशी सुटली. झाडे, कुंपण, हिशेबनीस, झाडे, कुंपण, हिशेबनीस. तिची आयाळ माझ्या तोंडात होती आणि दोन्ही हात तिच्या गळ्यात. मी मोठ्याने काही आज्ञा दिल्या. काका म्हणतात, त्या आज्ञा नव्हत्या, तू आई गं म्हणत होतास. तीन फेऱ्या झाल्या. मग ती कुंपणाच्या उघड्या फाटकातून बाहेर पडली आणि थेट कोठीच्या दारात उभी राहिली.
ध्येय एक फेरी होते. झाल्या तीन. ३०० टक्के.
मी अजून तिच्या गळ्यातच होतो, तोवर मॅडम आल्या. काकांना म्हणाल्या, ही दहा वर्षांत कधी धावली नाही म्हणता, मग आज काय झालं? काका म्हणाले, माजलीय, बाईसाहेब. काम तेवढंच आणि दाणा जास्त, की म्हातारं जनावरही उसळतं. पण मी तर नेहमीचाच देतो.
मॅडमनी कोठीची वही मागितली. अक्षर सुवाच्य, तारखा क्रमाने, एकही चूक नाही. त्यांना मला काहीच विचारावे लागले नाही.

१ ऑक्टोबर, रविवार.
नोकरी राहिली. मॅडमनी बोलावले होते. ओट्सचे पैसे पगारातून कापणार. म्हणाल्या, पण तीन फेऱ्यांत पडला नाहीत, फॉर्मवर खरं तेच लिहिलं होतंत. तुम्हीच तिला माज चढवलाय, आता तुम्हीच उतरवा. उद्यापासून तीस दिवस, रोज सकाळी सहा ते सात, रपेट. एकट्याने. काका सुट्टीवर जात आहेत.
तेव्हा सांगायला हवे होते, मॅडम, मला घोडेस्वारी येत नाही. मावशी लांबून दिसली तरी मी कोठीचे दार लोटून घेतो. तोंड उघडलेही. म्हटले, बरं, मॅडम.
खर्च: पुस्तक ९०, कंबरेचे मलम ६०, पँटची शिवण ४०. एकूण १९०.
देणे: ओट्स ४७ मापे, दर १२, एकूण ५६४.
देणे: घोड्यावरचे तास ३०. फेडले ०.