डावऱ्या सुरीला उजवी धार

साकाई, गुरुवार

चि. किकुओ यास,

मंगळवार दिनांक १८ नोव्हेंबर, सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी तू माझा घात केलास. त्या वेळी तू तुझ्या कारखान्यात धारेच्या दगडावर वाकलेला होतास आणि मी दोन गल्ल्या पलीकडे माझ्या ओट्यापाशी उभी होते, ही सबब चालणार नाही. थोरल्या बहिणीने आशीर्वादाने सुरुवात करायची असते, पण आशीर्वाद मी तूर्त राखून ठेवले आहेत. थंडी पडली आहे, तुझी तब्येत उत्तम असेलच (असे मी मंगळवारपर्यंत धरून चालले होते, त्याबद्दल पुढे). फोन करत नाही, कारण फोनवर तू दोनदा ‘हं’ म्हणतोस आणि रिसीव्हर बायकोच्या, नोबुएच्या हातात देतोस. शिवाय माझी सारी नोकरी वॉर्ड ऑफिसच्या तक्रार खिडकीमागे झाली. लोकांच्या ढिसाळ तक्रारी वाचताना नेहमी वाटे, एकदा आपणच एक नीट लिहून दाखवावी.

तर मंगळवारी माझी कॉन्व्हेंटमधली मैत्रीण ताझुको जेवायला यायची होती. तिच्यासमोर मुळा सोलायचा, अखंड, कागदासारखा, पलीकडचे वर्तमानपत्र वाचता येईल असा, हा माझा जुना माज आहे, तुला ठाऊक आहे. सोमवारी तू धार लावून पाठवलेली सुरी मी फडक्यातून काढली आणि न बघता हातात घेतली. (तुझ्याकडून आलेली सुरी तपासून घेणे म्हणजे पाद्र्याला देव आहे ना म्हणून विचारणे.) पहिल्याच वेढ्याला पाते मुळ्यात घुसले. दुसऱ्याला बाहेर पळाले. मग मुळ्याचे जे तुकडे पडले ते मांजरानेही ओढून नेले नसते. ताझुको म्हणाली, “राहू दे गं फुसाए. वय झालं आता. मी तर सरळ किसणी आणली.” किसणी! मी तिला चहा दिला, न्हाणीघरात जाऊन दार लावले आणि माझा डावा हात बराच वेळ बघत बसले. संपले, म्हटले. नवरा गेला, गुडघे गेले, आता हातही गेला.

ताझुको गेल्यावर सुरी खिडकीशी नेली. किकुओ, ती सुरी डावरी आहे! धारेचा उतार फक्त डाव्या अंगाला, उजवे अंग आतून किंचित खोलगट. साऱ्या गल्लीत डावरे पाते घडवायला कोणी तयार नव्हते, तेव्हा तुझ्या सेइजी दाजींनी लग्नाआधी मला ते घडवून दिले, आणि पहिली धार तूच लावलीस. त्या खोलगट अंगाला तू आता तिरपी धार काढली आहेस. म्हणजे सुरी डावरी राहिली नाही, उजवी झाली नाही. शाळेत सिस्टर बेनेदिक्ता माझा डावा हात रिबिनीने बाकाला बांधून ठेवत असे. लिहिण्यापुरती ती जिंकली, पण सुरी काही माझ्या उजव्या हातात देऊ शकली नाही. तिला सहा वर्षांत जमले नाही ते तू एका दुपारी उरकलेस.

संतापाने मी चप्पल घालून निघालेच होते. दारातच थांबले. तू कधी पात्याकडे बघत नाहीस. “ताई, बघायला कशाला लागतंय? अंगठा फिरवला की पातं आपणहून बोलतं,” हे तुझे पालुपद. उतार कुठल्या अंगाला आहे हे तुझ्या अंगठ्याला झोपेतही कळायचे. मग ते पाते बोलले नाही, की अंगठ्याला ऐकू आले नाही?

मग मला दाजींच्या श्राद्धाचा दिवस आठवला. शेगडीवरची लोखंडी किटली तू नुसत्या हाताने उचललीस. सगळे किंचाळले आणि तू म्हणालास, “छान ऊब आहे.” मी कौतुकाने सर्वांना सांगत सुटले, कारागिराची कातडी अशी असते. निघताना नोबुए तुझ्या कोटाची बटणे लावत होती. “काय रे, बायकोचं बाळ झालास का?” असे मी म्हणाले, तूही हसलास. जन्मभर हिवाळ्याच्या गार पाण्यात हात, आणि हाडे हलवणारे ते धारेचे चाक. बोटे बधिर होऊन किती दिवस झाले, किकुओ? मी न्हाणीघरात अर्धा तास बसले, तर जीव नकोसा झाला. तू किती दिवस कारखान्यात असा बसून आहेस?

संतप्त,
फुसाए

ता.क. येत्या मंगळवारी हाताच्या डॉक्टरांकडे जायचे ठरवले आहे. नाव माझे दिले आहे. माझी पिशवी धरायला कोणीतरी लागेल, तू ये. तिथे गेल्यावर आत कोण जाते ते बघू. नोबुएला मी काही बोललेले नाही (तिला माझ्याआधीच माहीत असणार, ती बटणे उगाच लावत नव्हती).

ता.क. २. सुरी सोबत पाठवते आहे. नीट करून दे. पाते अरुंद होईल, होऊ दे. दुसऱ्या कोणाकडे मी देणार नाही. घाई नाही, फक्त या वेळी चष्मा लावून, बघून कर. बघून केलेली धार काही बोथट नसते.

ता.क. ३. या पत्राचे उत्तर लेखी हवे, ३० नोव्हेंबरच्या दुपारी बाराच्या आत, आणि तुझ्याच हातचे. नोबुएच्या सुंदर अक्षरातले मी परत पाठवीन. पेन बोटांत ठरत नसेल आणि अक्षर किडामुंगीसारखे येत असेल तर येऊ दे. सिस्टरने हात बांधला होता तेव्हा माझेही तसेच येई, आणि घरात ते फक्त तुलाच वाचता येत असे.