टिलीचं मत

रिट्झव्हिल, वॉशिंग्टन राज्य
रविवार, २६ ऑक्टोबर २००८

प्रिय टिली,

बरी असशील असं लिहिणार होतो, पण तू चिडशील. रात्री झोप लागते का, एवढं कळव. इथे गहू चांगला उगवलाय. घर गरम करायची भट्टी सुरू केली की खडखडते. घर पेटेल की काय असं वाटून मी दोनदा उठतो. तू माझ्यासाठी करवून घेतलेलं सूप संपलं. भांडं परत आणतो.

आज चर्चमध्ये पाळक बर्गस्ट्रॉम मतदानावर बोलले. मरणाला टेकलेल्या माणसाने डॉक्टरकडून मरणाचं औषध मागितलं तर ते द्यावं, या ठरावावर. जीव देवाने दिला, न्यायचाही त्यानेच, म्हणाले. मलाही तसंच वाटतं, हे तुला माहीत आहे. पण मला भलतीच शंका आली. खाली तळघरात कॉफी पिताना मी त्यांना विचारलं, की येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडायचा होता तेव्हा शिष्यांनी मतं का नाही घेतली? चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. शास्त्रात लोकांना विचारलेलं मला एकदाच आठवतं. येशूला सोडू की खुनी बरब्बाला, असं पिलाताने विचारलं, आणि लोकांनी बरब्बाला मागून घेतलं.

पाळक हसले. म्हणाले, "रेनहोल्ड, चिठ्ठ्या टाकण्याआधी त्यांनी प्रार्थना केली होती. तुम्ही केलीत का?"

केली. पण टिली, सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला राज्य असं का विचारतं? रस्त्याचं विचारा, पाण्याचं विचारा. मरणाचं मला काय कळतं? मार्था, माझी स्वतःची बायको, गेली तेव्हाही मी गोठ्यात होतो.

आता टपालाने आलेल्या तुझ्या मतपत्रिकेबद्दल. सकाळी हाताला जरा जोर असतो म्हणून तू पाकिटावर आधीच सही करून ठेवली होतीस. मग त्या दिवशी तू सांगत गेलीस आणि मी 'हो'-'नाही'चे गोल काळे करत गेलो. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या बायकांना नीट शिकवावं, या ठरावाला तू लगेच हो म्हणालीस. वर म्हणालीस, की ती डोलोरेस मला पोत्यासारखं उचलते, तिला आधी पाठवा. मी हसलो. मग तो मरणाच्या औषधाचा ठराव आला. तू "हो" म्हणालीस आणि मी पेन वाळलं असं सांगितलं.

पेन वाळलं नव्हतं. तुलाही ते कळलं. तू म्हणालीस, "देवाशी माझं मी बोलून घेईन, रेनी. तू फक्त गोल काळा कर." घरी जाऊन करतो म्हणालो आणि पाकीट खिशात घालून निघालो.

ते इतके दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडून होतं. उंदीर कुरतडतील म्हणून वर पातेलं पालथं घातलं. खरं सांगायचं तर ते दिसू नये म्हणूनही. सही तुझी, गोल रिकामा. मी 'नाही'चा गोल काळा केला असता तर कुणाला कळलं असतं? पापापासून बहिणीला वाचवलं, असंही म्हणता आलं असतं. मी मतदान कचेरीत फोन केला, नाव सांगितलं नाही. दुसऱ्याची मतपत्रिका भरताना आपल्याला पटत नसेल तर काय करायचं, असं विचारलं. बाई म्हणाल्या, "ती सांगेल ते भरा. नाहीतर भरू नका, दुसऱ्याला बोलवा." त्यांचा आवाज इतका सपाट होता, की दिवसातून दहा जण हेच विचारत असावेत. असे किती भाऊ असतील, याचंच मला नवल वाटत राहिलं.

मग आणखी एक सुचलं. तुझं हो, माझं नाही. दोन्ही पाकिटं चुलीत घातली तरी बेरीज तीच. राज्याला काही फरक पडणार नाही. पण तुझा आवाज आता खोलीच्या दारापर्यंतही पोचत नाही. त्या कागदावर तरी तो मोठा होता. तो मी कसा जाळू?

आज दुपारी तुझा 'हो' काळा केला. गोलाबाहेर जाऊ नये म्हणून श्वास धरून केला. मग माझा 'नाही' केला. दोन्ही पाकिटं टपालपेटीत टाकली आणि अडकली नाहीत ना, म्हणून झाकण पुन्हा उघडून पाहिलं.

टिली, हा ठराव तुला कुणासाठी हवाय, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. आजही विचारत नाही. पण ठराव पास झाला आणि तू ते औषध मागवलंस, तर आधी मला फोन कर. मी वाद घालीन, नाही असं नाही. रडेनही. तुझं ठरलंच, तर मग गप्प बसेन. पण या वेळी गोठ्यात जाणार नाही. तुझ्या उशाशी बसेन.

तुझ्या विरोधात मत दिलेला,
तुझाच भाऊ
रेनहोल्ड