सेनापतीचे दोष

३ मार्च, रविवार
लेकीचा फोन. दोन वर्षांत पहिल्यांदाच आपणहून केला. दर रविवारी दुपारी तिच्याकडे चारजण टेबलाभोवती जमून गेम खेळतात. प्रत्येकाने कागदावर आपलं एक कॅरेक्टर बनवायचं, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. सूत्रधार तीच. बाबा, येशील का, म्हणाली. कॅरेक्टर दहा मिनिटांत होतं म्हणे. दहा मिनिटांत चहा होतो, माणूस नाही.

५ मार्च, मंगळवार
सेनापती करतोय. वय चोपन्न. पराक्रमी, पण कदर कोणालाच नाही. बायकोने ऐन युद्धात साथ सोडली. माझ्या आयुष्याशी याचा काडीचा संबंध नाही.

१० मार्च, रविवार
गेलो नाही. पूर्वचरित्र बाविसाव्या पानावर अडलंय. अर्धामुर्धा माणूस घेऊन चारचौघांत जाणं मला जमत नाही. लेकीला कळवलं. 'बरं' म्हणाली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

१४ मार्च, गुरुवार
कॅरेक्टरच्या फॉर्मवर 'दोष' असा रकाना. निदान दोन हवेत. तीन दिवस डोकं खाजवलं. शेवटी 'अति प्रामाणिक' आणि 'पटकन विश्वास ठेवतो' लिहून पाठवले. लेकीचं उत्तर: हे दोष नाहीत बाबा. ज्याचा त्रास दुसऱ्याला होतो तो दोष. अगदी तिच्या आईची भाषा.

२४ मार्च, रविवार
आजही नाही. सेनापतीचं बालपण पुन्हा लिहायला घेतलंय. पुढच्या रविवारी नक्की.

३१ मार्च, रविवार
सर्दी. कळवायचं राहिलं. तिनेही विचारलं नाही. कामात असेल.

७ एप्रिल, रविवार
गेलो. चौसष्ट पानं, स्पायरल बाइंडिंग करून. माझ्यासाठीच्या खुर्चीत तिच्या आईचा नवा नवरा, दातांचा डॉक्टर. त्याचं कॅरेक्टर जिन्याला घाबरणारा आचारी. अर्ध्या पानाचं. त्याने तोंड उघडायचा अवकाश, की सगळे हसत होते. लेक तर डोळे पुसत होती.
मला म्हणाली, गोष्ट खूप पुढे गेलीय, सेनापतीला आता कुठे बसवू? पण वाटेत एक सराई लागते, तिचा मालक तू हो. त्याला कागद लागत नाही. एकच वाक्य आहे: आत या, जागा आहे.
मी विचारलं, सराई किती जुनी? मालक मूळचा कुठला? त्याची बायको हयात आहे का?
तोवर त्यांनी रात्र झाडाखाली काढायचं ठरवलं आणि पुढे गेले.