दोनच मोबाइलचा नियम

लातूर, ४ ऑगस्ट २०१९

तीर्थरूप बाबांस,
राजश्रीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवरचं वाऱ्यावर जातं, महत्त्वाचं ते कागदावर लिहावं, हा तुमचा बँकेतला कायदा पाळते आहे. माझं पाळणाघर अडचणीत आहे. पुण्याच्या एका कंपनीनं मागच्याच गल्लीत चकाचक पाळणाघर थाटलंय. कॅमेरा लावून आई-बापांना मोबाइलवर लेकरू दाखवायची आपली युक्तीही उचललीय. शिकवणीच्या क्लासमधल्या मास्तरीणबाई, म्हणजे माझं निम्मं गिऱ्हाईक, तिकडे डोकावू लागल्यात. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर कुलूप लावावं लागेल.

जन्मभर लोकांचे कर्जाचे प्रस्ताव नापास केलेत, आता लेकीचा धंदा तपासा. तुमचा नातू यज्ञेश माझ्याजवळ इथंच पोरांत खेळतो. परखड लिहा, लोभ मात्र कमी करू नका.

आपली,
राजश्री

उमरी, ११ ऑगस्ट

चि. सौ. राजश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कंपनीशी दराची चढाओढ करू नकोस, त्यात तू बुडशील. तू नुसती लेकरं सांभाळत नाहीस, वर्गावर उभ्या असलेल्या आईची धाकधूक सांभाळतेस. तेच विकायचं. पण तुझ्याकडे फुकट्यांची जत्रा भरली आहे. एका लेकरामागे आजी, मामा, चुलत आत्या, सगळ्यांचे मोबाइल. त्यामुळे चित्र अडकतं आणि खुद्द आईलाच काही दिसत नाही. एका लेकराला दोनच मोबाइल, आईचा आणि बापाचा. सवलत कुणालाही नाही. तुझी आई म्हणते, मी दगड आहे. जेवणाची आबाळ करू नकोस, आशीर्वाद पाठीशी आहेत.

बापूसाहेब

लातूर, २ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

नियम लावला. चित्र स्वच्छ दिसतं, आया खूश आहेत. पण एका पोराच्या आजीनं, मुदखेडच्या महादेवीआजींनी, मला फोनवर चांगलंच झाडलं, की लेकरू दिसंना झालंय, घास गोड लागंना, तुला काही माया हाय का न्हाई.

बंद झालेल्या मोबाइलांत सगळ्यात जास्त पाहणारा उमरीचा निघाला. यज्ञेश तापानं आठवडाभर घरी होता, तेव्हाही तुमचा मोबाइल दिवसभर सुरूच होता. तुमचा जावई मुकुल विचारतो, की लोकांची लेकरं पाहण्यात बाबांना एवढी काय गोडी? रागावू नका, माया असू द्या.

आपली,
राजश्री

उमरी, ९ सप्टेंबर

चि. सौ. राजश्रीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नियम लिहिताना वाटलं होतं, की माझा मोबाइल जावईबापूंच्याच खात्यात धरला जाईल. असो, अहवाल दुरुस्त करतो. मी चौकशी केली, कंपनी आई-बापांपलीकडे कुणालाही दाखवत नाही. आजी-आजोबांची वेगळी वर्गणी ठेव आणि त्यांच्यासाठी इंटरनेटची दुसरी लाइन घे. लोक हौसेनं भरतील. मुदखेडच्या आजी तर पहिल्या येतील.

आता मुकुलरावांच्या प्रश्नाचं. भूकंप झाला तेव्हा तू सहा वर्षांची, लातूरला आत्याकडे होतीस. फोन लागेना. नांदेडच्या स्टँडवर जो तो म्हणे, लातूर शाबूत आहे. मला एकाचंही खरं वाटलं नाही. मिळेल त्या जीपनं आलो आणि तू अंगणात बाहुलीला दटावताना दिसलीस, तेव्हा कुठे जिवात जीव आला. तेव्हापासून ऐकलेल्यावर माझं भागत नाही.

यज्ञेश घरी होता तेव्हाही त्या लेकरांमागं तू ये-जा करत होतीस. मी तुला पाहत होतो.

तुझा,
बाबा