कळसाडीच्या सदतीस खोट्या बाया

कळसाडी, ता. शहादा
९ नोव्हेंबर २०२५

चि. स्वप्नाली हिस आईचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर रोज तू जेवलीस का विचारतेस आणि मी हो म्हणते, तेवढ्यात बोलणं संपतं. म्हणून मोठी बातमी पत्रासाठी राखून ठेवली.

तू आणि रक्षाने दोन वर्षं खपून केलेला तुमचा ‘दारं’ खेळ ॲपच्या दुकानात लागला, हे मी गल्लीत सांगितलं. पाटाचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवायचा खेळ कोणी करतं, यावर आधी कोणाचा विश्वास बसेना. कमलबाई म्हणाली की आम्ही जन्मभर दारं धरली, आम्हाला कोणी बक्षीस दिलं नाही. मी म्हटलं, बाई, यात पाय चिखलात जात नाहीत.

तू म्हणाली होतीस की लोकांनी पाच तारे दिले तर खेळ वर दिसतो. शनिवारी दुपारी बचत गटाची बैठक होती. मी चांगला चार ओळींचा मजकूर केला आणि सगळ्यांकडून तोच टाकून घेतला. ज्यांच्याकडे तसा फोन नाही, त्यांची नावं हेमकांतने त्याच्या दुकानातल्या फोनवरून घातली. आम्ही सदतीस जणी झालो. ग्रामपंचायतीला अर्ज दिला तेव्हा सुद्धा इतक्या सह्या नव्हत्या.

कापसाची दुसरी वेचणी चालू आहे. माझी काळजी नको. रक्षाला माझी आठवण सांग, आणि दोघी वेळेवर जेवा, एवढी माया आईवर ठेवा.

तुझी आई

---

पुणे
१३ नोव्हेंबर २०२५

ती. आईस स्वप्नालीचा वाकून नमस्कार.

तू फोनवर सांगितलेलं पत्र अजून आलं नाही. हे फोनवर सांगायला गेले तर रडू येईल, म्हणून लिहिते.

सोमवारी आमचा खेळ दुकानातून काढून टाकला. त्या दुकानाच्या मालक कंपनीचा चार ओळींचा निरोप आला, की आम्ही खोटी माणसं उभी करून खोटे तारे मिळवले, म्हणून आमचं खातं कायमचं बंद. एकाच दुपारी, थोड्याच फोनवरून, शब्दन्‌शब्द एकच मजकूर सदतीस वेळा आला म्हणे. आम्ही दाद मागितली तर एका मिनिटात नकार आला. एका मिनिटात माणूस चष्मासुद्धा पुसत नाही, यंत्रच असणार.

रक्षाला वाटतं, कोणीतरी आमच्या वाईटावर आहे. मला फक्त आप्पांचा आवाज आठवतो. खेळात वाफा भरला की ते म्हणतात, ‘भरना. आते दारं मोड.’ ते गेले त्या वर्षी त्यांना बांधावर बसवून मी तो फोनमध्ये भरून घेतला होता. आता तो कोणाला ऐकू येणार नाही. दुकान कंपनीचं, दार कंपनीचं, आणि बाहेर दुसरं दुकान नाही.

तू गल्लीत इतक्यात काही बोलू नकोस. तुझ्या हातची मिरचीची चटणी संपली, ही दुसरी वाईट बातमी.

तुझीच, स्वप्नाली

---

कळसाडी
१९ नोव्हेंबर २०२५

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

एव्हाना माझं पत्र मिळालं असेल आणि तुमच्या वाईटावर कोण होतं ते कळलं असेल. ती मी.

आपल्याकडे कोणाचं काम अडलं की एक जण मजकूर लिहितो आणि खाली सगळे सह्या करतात. त्यात फसवणूक असते असं कधी वाटलंच नाही. मला वाटलं, तारे म्हणजे सह्याच.

आणखी एक सांगायचं आहे, ते लपवून उपयोग नाही. पाच तारे पहिले मी दिले, पण खेळ मी खेळले नाही. पहिला वाफा भरला आणि तुझ्या आप्पांचा आवाज आला. मी फोन पालथा ठेवला. दोन वर्षांत घरात तो आवाज नव्हता. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही. तेव्हा माझे तारे खोटेच होते.

मला काय शिक्षा असेल ती कळव. कंपनीचा पत्ता दे, मी लिहिते की मुलीचा दोष नाही.

चटणी पाठवली आहे. रागावली असलीस तरी खा.

आई

---

पुणे
२ डिसेंबर २०२५

ती. आईस नमस्कार.

तुझी दोन्ही पत्रं रक्षाने मोठ्याने वाचली. वाचता वाचता तिला हसू आवरेना. म्हणाली की आपण इतके दिवस ज्या टोळीला शोधत होतो, ती बचत गटाच्या चटईवर बसलेली निघाली. राग नाही. आवाजाचं मात्र मला आधी कळायला हवं होतं. ते माझं चुकलं.

आता नीट वाच. रक्षाचा भाऊ रिषभ वकील आहे. त्याने कंपनीला नोटीस दिली, तेव्हा पहिल्यांदा एका माणसाचं उत्तर आलं. त्यांचं म्हणणं, आम्ही लिहून द्यावं की ते सदतीस जण खरे नव्हते, आम्हीच उभे केले. मग खेळ परत लावू. नाहीतर कोर्टात जा.

रिषभ म्हणतो, कोर्टात जायचं तर सदतीस जणींची प्रतिज्ञापत्रं हवीत, की आम्ही खऱ्या आहोत आणि खेळ खेळून मत दिलं. मला कधी कधी वाटतं, सरळ सही करावी. एका कागदाने खेळ परत येतो. तुझं मत काय?

तुझ्या मताची वाट पाहणारी,
स्वप्नाली

---

कळसाडी
१६ डिसेंबर २०२५

चि. स्वप्नालीस आशीर्वाद.

तुझं पत्र बैठकीत वाचून दाखवलं. कंपनी आपल्याला खोट्या बाया म्हणते हे कळल्यावर दिवलीबाई उठून उभी राहिली आणि म्हणाली की मी खोटी शे, ते मन्हा गुडघा कसा दुखस.

आम्ही दोन टेम्पो करून शहाद्याला नोटरीकडे गेलो. वाटेत मी एकेकीला विचारलं, खरं सांग, खेळलीस का. अकरा जणी खेळल्या होत्या. गुलाबबाई तर सहाव्या शेतापर्यंत पोचली होती. बाकीच्यांनी उघडलाही नव्हता, मी सांगितलं म्हणून तारे दिले. म्हणून अकरा जणींनी लिहिलं की खेळलो. बाकीच्यांनी लिहिलं की खेळलो नाही, पण आम्ही आहोत, आणि कोणी विकत घेतलेलं नाही. माझ्या कागदावर सगळं माझं डोकं होतं असं लिहिलं, आणि मी का खेळले नाही तेही लिहिलं. नोटरीने दोनदा वाचून चष्मा काढला.

रिषभला हे आवडणार नाही, ठाऊक आहे. खटला हरलात तर माझ्यामुळे हराल. पण या बायांना नसलेली माणसं ठरवून सही करू नकोस. त्या सही करून परत आल्या तेव्हा मी त्यांचे चेहरे पाहिले. बाकी तुझा निर्णय, तो मला मान्य.

सारंगखेड्याची यात्रा भरली आहे. तुम्ही दोघी आलात तर घोडे बघू.

आई

---

पुणे
२४ फेब्रुवारी २०२६

ती. आईस स्वप्नालीचा साष्टांग नमस्कार.

सही केली नाही. रिषभ आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हता. त्याच्या मते तू समोरच्या वकिलाचं अर्धं काम फुकट करून दिलंस.

काल सुनावणी झाली. त्यांच्या वकिलाने तुमचेच सव्वीस कागद पुढे केले, की बघा, या स्वतःच कबूल करतात. न्यायाधीश बाईंनी सगळे कागद वाचले, तुझाही. मग त्यांनी विचारलं, की खातं कायमचं बंद करण्याआधी या सदतीस जणींपैकी एकीला तरी कंपनीने काही विचारलं होतं का. वकील फाइल चाळत राहिले. बाई म्हणाल्या, ज्यांनी न विचारता खरं सांगितलं, त्यांना न विचारता खोटं ठरवलं.

खटला अजून चालेल. पण तोवर खातं उघडायचा हुकूम झाला. खेळ आज सकाळपासून दुकानात आहे. सव्वीस मतं काढली, अकरा ठेवली. रिषभने तुला नमस्कार सांगितला आहे, जरा लाजून.

आता गल्लीत खुशाल बोल. बैठकीत मजकूर तेवढा वाटू नकोस.

तुझी लाडकी आरोपी,
स्वप्नाली

---

कळसाडी
८ मार्च २०२६

चि. स्वप्नाली आणि चि. रक्षा यांस आशीर्वाद.

पत्र मिळालं त्या संध्याकाळी ओट्यावर बसून मी खेळायला घेतलं. पहिला वाफा भरला. आवाज आला. या वेळी फोन हातातच ठेवला. दुसरा भरला, तिसरा भरला. चौथ्याला मी उशीर केला आणि पाणी बांधावरून गेलं, तेव्हा मलाच हसू आलं. ते जिवंत असते तर दोन शब्द ऐकवले असते. आठवडाभरात आठव्या शेतापर्यंत पोचले आहे.

काल मी माझं मत टाकलं. मजकूर माझा, फोन माझा. पाठवण्याआधी कोणाला दाखवला नाही, म्हणून तुला इथे सांगते. तीनच तारे दिले आहेत. आठव्या शेतात तुम्ही पाणी चढावर नेलं आहे. आप्पांच्या मुलीने असं करावं याचं मला नवल वाटलं. पाणी तसं जात नाही. ते दुरुस्त करा, मी परत खेळून बघेन, आणि पटलं तरच चौथा देईन.

तुझी आई,
कौसाबाई