पहिल्यांदा पाहण्याची पूर्वतयारी

३ नोव्हेंबर
विस्मरण हीसुद्धा शिकण्यासारखीच एक प्रक्रिया आहे आणि पद्धतशीर प्रयत्नांनी ती साध्य होते, या निष्कर्षाप्रत मी आलो आहे. पीएच.डी. करत असताना 'द सॉल्ट कीपर' हा व्हिडिओ गेम मी पहिल्यांदा पूर्ण केला. त्या संध्याकाळी जे झाले ते त्यानंतर कितीही वेळा खेळून पुन्हा झाले नाही. म्हणून आता वर्षभर त्या गेमला स्पर्श करायचा नाही, त्याचा विचार करायचा नाही, उल्लेखही करायचा नाही. वर्षाने तो अगदी कोरा वाटेल.

४ नोव्हेंबर
सेकंड इयरला प्रकाशाचे विकिरण शिकवताना गेममधल्या धुक्याचे उदाहरण दिले. मग धुके का आहे हे समजावे म्हणून कथानक सांगितले. ऋचा नावाच्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे पेपरला आहे का?"
विस्मरणाचा प्रारंभ उद्यापासून.

७ नोव्हेंबर
सासूबाई राहायला आल्या. गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे. वाघोलीला मेहुण्याच्या बंगल्यात जिने फार, आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लिफ्ट आहे. माझी बायको अपेक्षा दिवसभर बँकेत असते आणि माझे कॉलेज दुपारी संपते, त्यामुळे सोबत माझीच. टीव्हीवरच्या मालिका त्यांना आवडत नाहीत. "नुसत्या नटून भांडत्यात. ह्या बाया सैपाक कवा करत्यात?" असा त्यांचा मूलभूत आक्षेप आहे. मग गॅलरीत खुर्ची टाकून समोरची भिंत पाहत बसतात.

८ नोव्हेंबर, सकाळ
आंघोळ करताना सुचले. मला विसरणे जमत नसेल, तर जिला आठवण्यासारखे काही नाहीच अशी व्यक्ती शेजारी बसवावी. तिचा पहिला अनुभव मी बाजूने घ्यावा. सासूबाईंनी आयुष्यात एकही गेम खेळलेला नाही. यापेक्षा शुद्ध नमुना पुण्यात मिळणार नाही.
अपेक्षाला सांगितले. ती म्हणाली, "आईला खेळू दे. शिकवू नकोस." मी म्हणालो, एक शब्द बोलणार नाही. ती हसली.

१० नोव्हेंबर
प्रारंभ झाला. कंट्रोलरची अल्पशी ओळख करून देणे अपरिहार्य होते. ओळख चहापर्यंत चालली. अखेर सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, ह्यातलं कुठलं दाबलं की सुरू व्हतं, तेवढंच सांगा."
हे अध्यापन धरू नये. पूर्वपीठिका होती.

१२ नोव्हेंबर
अंगठा चांगला चालतो त्यांचा. गेममध्ये एक म्हातारी धुक्याने भरलेल्या समुद्रावर नाव घेऊन आपले हरवलेले गाव शोधत फिरते. सोबत एक मुका नावाडी. त्याचे नाव त्यांनी दत्तोबा ठेवले आहे. त्यांचा धाकटा दीर म्हणे असाच, बोलत नाही, पण सगळीकडे बरोबर येतो. मी फक्त खोकलो.

१५ नोव्हेंबर
तीन दिवस त्या पहिल्याच बेटावर आहेत. झोपडीमागच्या वाफ्याला पाणी घालतात. या कृतीला गुण नाहीत, हे मी केवळ माहितीदाखल निदर्शनास आणले. त्या म्हणाल्या, "गुण कुनाला पायजेत? रोपं वाळत्यात."
मला पुढची बेटे आठवून घाई होते. हा माझा दोष आहे. सुधारेन.

१९ नोव्हेंबर
गेममधल्या पुलाखाली लपवलेल्या किल्लीचा उल्लेख केला. तसे पाहता तो उल्लेख नव्हता, मी फक्त पुलाच्या बांधकामाविषयी बोलत होतो. कमान म्हटले की माणूस खाली पाहणारच. सासूबाईंनी किल्ली उचलली आणि म्हणाल्या, "मला घावली असती की." वाईट वाटले. उद्यापासून तोंडात लवंग धरून बसायचे. लवंग असली की बोलता येत नाही.

२० नोव्हेंबर
लवंग तोंडात असतानाही बोलता येते.

२३ नोव्हेंबर
आज तो क्षण आला, आणि मी तो मोडला. कसा, ते नीट लिहून ठेवतो.
दीपगृह पेटते आणि धुके विरू लागते. खेळणारा समोर पाहत असतो, क्षितिजाकडे, गाव आता दिसेल म्हणून. समोर काहीच नसते. मग कधीतरी आपसूक नजर नावेच्या खाली जाते. पाणी स्वच्छ झालेले असते आणि तळाशी गाव असते. पार, देऊळ, अंगणे, सगळे जागच्या जागी. इतके दिवस आपण त्याच्यावरूनच फिरत होतो. खाली कधी पाहायचे हे गेम सांगत नाही, आणि त्याची सारी गंमत त्यातच आहे.
सासूबाई नाव थांबवून समोर पाहत होत्या. ओठ किंचित उघडे. आणि मी म्हणालो, "आता खाली बघा हं."
एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण त्यांनी खाली पाहिल्यावर मी या दृश्याचा अर्थही सांगितला. आपले गाव डोळ्यांदेखत नाहीसे होणे म्हणजे काय, याची तुम्ही कल्पना करून पाहा, असे मी सासूबाईंना म्हणालो.
त्यांनी कंट्रोलर मांडीवर ठेवला. "सांगितलंत," एवढेच म्हणाल्या आणि वॉकर धरून आत गेल्या.
अपेक्षा आल्यावर तिला कळले. ती म्हणाली, वाघोलीत शेते जाऊन इमारती आल्या, आमची विहीर ज्या टॉवरखाली गेली त्याच्या पार्किंगमध्ये आई अजूनही पाय ठेवत नाही, आणि तू तिला कल्पना करायला सांगितलेस.  मला हे सर्व ठाऊक होते. बोलताना आठवले नाही. जे विसरायचे ते लक्षात राहते आणि हे मात्र विसरता आले.

२५ नोव्हेंबर
माफी मागितली. मुद्देसूद मागितली. मी का बोलतो, याची कारणे बालपणापासून क्रमाने मांडली. त्या शेवटी म्हणाल्या, "असू द्या. चहा टाकता का?"
माफी लांबली, हे मान्य.

३० नोव्हेंबर
मी कॉलेजात असताना त्या अजून खेळतात. आज मी दार उघडताच त्यांनी टीव्ही बंद केला. डोळे पुसलेले दिसले. गुडघा दुखतो का, विचारले. नाही म्हणाल्या. मग जरा वेळाने, "जावईबापू, संपल्याच्या पुढचं बघितलंत का तुमी?"
मी समजावले की शेवटी नावांची यादी येते, तिला क्रेडिट्स म्हणतात, त्यापुढे काही नसते.
त्या म्हणाल्या, "म्हंजी तुमी नाय बघितलं."
 इतक्या वर्षांत मी न पाहिलेले काहीतरी त्या गेममध्ये आहे. काय आहे, विचारले. त्या म्हणाल्या, "मी नाय सांगायची. गावावर नाव बांधायची, हात काढायचा आन गप बसायचं. तुमचं तुमाला दिसंल."
ज्यांचा क्षण मी नासवला त्यांनी माझ्यासाठी एक क्षण अख्खा ठेवला आहे. लाज वाटली. आनंद मात्र जास्त झाला, त्याचीही लाज वाटली.

३ डिसेंबर
पूर्वतयारी चालू. असा योग पुन्हा नाही. हेडफोन आणले. पडद्याचा उजेड जुळवून घेतला. एका दिवसाची रजा टाकली, कारण 'वैयक्तिक'.

५ डिसेंबर
बसलो. नाव बांधली. हात काढले. काही होईना. गाठ नीट बसली आहे का हे पाहण्यासाठी बटण दाबले. पुन्हा बांधली. कोन योग्य आहे का, पाहिले. पुन्हा बांधली. सासूबाई आतून म्हणाल्या, "हात काढला का?" काढला आहे, म्हणालो. कंट्रोलर हातातच होता.

७ डिसेंबर
आज कंट्रोलर सोफ्यावर ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसलो. त्यामुळे पडद्याकडे लक्ष राहिले नाही.

९ डिसेंबर, दुपार, स्टाफरूम
नावेची दिशा उत्तरेला असावी की नाही एवढेच तपासण्यासाठी यूट्यूब उघडले. शेवट पाहायचा नाही, असा स्पष्ट निर्धार होता.
सगळा व्हिडिओ पाहिला. कोपऱ्यात एका मुलाचा चेहरा होता आणि तो अखंड बोलत होता. पाण्याखाली संध्याकाळ होते. घराघरांत दिवे लागतात, माणसे अंगणात येतात, आणि एक जण वर पाहून हात हलवतो. "आता वर बघेल हं, गाइज," असे तो मुलगा आधीच म्हणाला. मग चॅनल सबस्क्राइब करायला सांगितले.
मी त्याला मनातल्या मनात फार बोललो.

१० डिसेंबर
उद्या सासूबाई वाघोलीला परत जाणार. संध्याकाळी अपेक्षा त्यांची बॅग भरत होती आणि त्या ओट्याशी उभ्या राहून, वॉकर बाजूला ठेवून, भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "दिसलं का?"
नाही, असे सांगण्याचे मी ठरवले होते. वाक्यही तयार होते. मी हो म्हणालो.
त्यांचा हात परातीत थांबला. "मग सांगा की. तुमी इतकं चांगलं समजावून सांगता. सांगा, मी ऐकते."
लग्नाला इतकी वर्षे झाली. त्यांनी मला काहीतरी समजावून सांगायला पहिल्यांदाच सांगितले. मला त्या मुलाचेच शब्द आठवत होते, दुसरे एकही वाक्य सापडेना. मी म्हणालो, "सांगता येत नाही."
सासूबाईंनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी होते. अपेक्षाला हाक मारून म्हणाल्या, "बघ गं, ह्यांनी खरंच बघितलं. मलाबी नाय सांगता येत."
मग तव्यावरची पहिली भाकरी माझ्या ताटात वाढली आणि तिच्यावर लोण्याचा मोठा गोळा ठेवला. अपेक्षा दारात उभी राहून माझ्याकडे पाहत होती. माझी आणि तिची नजरानजर झाली. 
मी भाकरी खाल्ली. दुसरीही वाढली. तीही खाल्ली.