अडतीस अंशांवर उघडणारा दाणा

३ जून
लागली बाई एकदाची नोकरी! प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर आणि खालीच पाळणाघर, म्हणजे लेकीचीही सोय झाली. आमच्या मॅडम फटकळ, पण मनाने लोणी. इथे जेलीसारख्या पदार्थाचे मोहरीएवढे दाणे बनवतात. कातडीखाली बसवायचे. अंग अडतीस अंशांवर गेलं की दाणा आकसतो आणि पोटातलं वेदनेचं औषध पिळून टाकतो. अंग निवलं की गप्प. मी म्हटलं, माझ्या आधीच्या नवऱ्यापेक्षा बराच शहाणा दिसतोय. मॅडम खो खो हसल्या.

८ जून
लेकीला कडेवर घेऊन घेऊन दोन वर्षं खांदा ठणकतोय. मॅडमच्या मागेच लागले, मला बसवा म्हणून. नियमात बसत नाही म्हणत म्हणत शेवटी त्यांनी दंडात बसवला. संध्याकाळी पोरीला कडेवर घेऊन जिने चढले, अंग तापलं आणि ठणका गायब! आनंदाने रडूच फुटलं. मग ते आपोआप थांबलं.

१४ जून
हातावर मोठा फोड आहे. चहा सांडला असणार, कळलंच नाही. मॅडम म्हणाल्या, औषध जास्त सुटतंय, मनावरही चढतंय. वीस तारखेला काढू, तोवर जप. बरं म्हटलं. पाळणाघराच्या बाई म्हणाल्या, पोरगी पडली, ओठ फुटला. त्यांनाही बरं म्हटलं.

१७ जून
लेकीच्या आंघोळीचं पाणी हात घालून पाहिलं. कोमट लागलं. पहिला तांब्या ओतला आणि ती किंचाळली. पाठ लालबुंद. तिला गार नळाखाली धरलं. काळजात धस्स झालं, अंग तापलं, आणि मग काहीच नाही. मॅडमना फोन लावला होता. त्यांनी उचलेपर्यंत मी शांत. सहजच केला होता, मी म्हणाले.
घाबरलं की अंग तापतं. तापलं की दाणा—

१८ जून
तिची पाठ पाहिली. पुन्हा धस्स. पटकन लिहिते, जाईल ही भीती— तिला आंघोळ घालू नकोस. पाण्याजवळ नेऊ नकोस. पाणी किती कढत ते तुझ्या हाताला कळत नाही ग. बाई माझे, ऐक, ती तुझी—

१९ जून
कालचं वाचलं. अक्षर माझंच. इतकं काय ते घाबरायचं.
पोरगी मळलीय. पाणी ठेवलंय. वाफा येतायत. हात बुडवला— कोमट.
ती टेबलाखाली लपलीय. म्हटलं, ये ग राणी, काही होत नाही. येत नाही. रडतेय. ओढूनच काढावी लागेल. एवढं आटपते आणि मग—